खेकड्याला पाय किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

खेकड्याची एक गोष्ट आपल्याकडे लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढायला लागला की बाकीचे त्याचे पाय धरून त्याला खाली ओढतात. सोसायटीच्या वार्षिक सभेपासून साहित्य संमेलनाच्या मांडवापर्यंत ही गोष्ट सांगून मराठी माणसाला चार शब्द सुनावले जातात आणि आपणही माना डोलावतो. ही गोष्ट रंगवून सांगणाऱ्या कितीतरी जणांना मी भाषण संपल्यावर गाठलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘खेकड्याला पाय किती हो?’’ कोणी सहा म्हणालं, कोणी आठ. एक वकील मित्र म्हणाला, ‘‘चार, आणि दोन नांग्या.’’ ज्या पायांना धरून ओढण्यावर ती सगळी गोष्ट उभी आहे, ते पायच कोणी मोजलेले नव्हते!

आज मी तुम्हाला खेकड्याचं चित्र काढायला शिकवणार आहे. तुम्ही म्हणाल, चित्रकलेचा धडा आणि तो रेडिओवर? फळा नाही, खडू नाही, तुम्ही काय काढताय ते मला दिसत नाही. पण याच कारणासाठी मला हे माध्यम बरं वाटलं. फळा असला की तुम्ही फळ्याकडे बघता. हे भाषण छापून येईल तेव्हा सोबत खेकड्याचं चित्र देऊ नका, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. चित्र दिलं की माणूस त्या चित्राचं चित्र काढतो, खेकड्याचं काढत नाही. फळ्यावरच्या चित्राचा घोटाळा काय असतो, तो मी स्वतः करून बसलो आहे. आधी तेच सांगतो.

साल १९७८. एटीडी करून मी नुकताच कला शिक्षक म्हणून नोकरीला लागलो होतो. गाव खाडीकाठचं. जिल्हा आजचा रायगड, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. मी देशावरचा. समुद्र पाहिलेला, पण दुरून. पाचवीच्या वर्गाला ‘समुद्रातले प्राणी’ असा विषय दिला आणि सोपा म्हणून फळ्यावर खेकडा काढला. एक गोल. त्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन पाय. वर दोन नांग्या, दोन टपोरे डोळे, आणि डोळ्यांखाली हसरं तोंड. मुलं खूश झाली. सगळी माना खाली घालून काढायला लागली.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र फळ्याकडे बघत बसली होती. कोळीवाड्यातली होती. मी विचारलं, ‘‘काय गं, काढत का नाहीस?’’ ती उभी राहिली आणि अगदी सरळपणे म्हणाली, ‘‘सर, हिचे दोन पाय तुटलेत का?’’

वर्ग हसला. मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. नवा मास्तर, वय वर्षं बावीस. हसणाऱ्या वर्गाची भीती फार असते त्या वयात. मी म्हटलं, ‘‘फळ्यावर आहे तसं काढ.’’ ती बसली. तासाच्या शेवटी मी वह्या पाहिल्या, तर तिने आपला खेकडा काढलेलाच होता. पसरट पाठ, नांग्या सोडून आठ पाय, आणि शेवटचे दोन पाय टोकाला वल्ह्यासारखे चपटे. मी लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा काढा.’

पुढच्या रविवारी मी बाजारात गेलो. खाडीकडच्या कोपऱ्यात कोळणी बसायच्या. त्यांच्यातल्या एकीने हाक मारली, ‘‘मास्तर, चिंबोऱ्या न्या की ताज्या!’’ ती त्या मुलीची आई होती, हे मला नंतर कळलं. मी जरा लांबच उभा. ती म्हणाली, ‘‘घाबरू नका, बांधलीय ती.’’ नांग्या सुतळीने करकचून आवळलेली एक चिंबोरी तिने उचलली आणि उताणी करून माझ्यापुढे धरली. पोटाच्या मधोमध एक झाकणासारखी पट्टी होती. ‘‘हा नर. पट्टी निमुळती आहे बघा. मादीची रुंद असते, गोल.’’ मग दुसरी उचलली, तिची पट्टी दाखवली. मी पट्टी बघत नव्हतो. मी पाय मोजत होतो. एका बाजूला नांगी धरून पाच. दुसऱ्या बाजूला पाच. शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी.

मंडळी, त्या दिवशी मी चिंबोऱ्या घेतल्या की नाही ते आता आठवत नाही. पण ते दहा पाय आजही डोळ्यांसमोर आहेत. तेच आज तुमच्या कागदावर उतरवायचे आहेत. एक कोरा कागद घ्या, टोक केलेली साधी पेन्सिल घ्या. खोडरबर हाताशी असू द्या, पण लांब.

सुरुवात कागदावर करायची नाही, स्वतःच्या हातांपासून करायची. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवा. मनगटं एकमेकांना चिकटवा आणि डाव्या हाताची बोटं डावीकडे, उजव्या हाताची उजवीकडे पसरा. पूर्ण आडवे वळणार नाहीत, वळतील तेवढे वळवा. आता अंगठे तुमच्यापासून लांब, पुढच्या बाजूला आले असतील. झाला तुमचा खेकडा. दहा बोटं, दहा पाय. अंगठे म्हणजे नांग्या. आमच्याकडच्या कोळणी त्यांना डेंगे म्हणायच्या. मधली तीन-तीन बोटं म्हणजे चालायचे पाय. आणि तुमच्याकडे असलेल्या करंगळ्या म्हणजे शेवटची जोडी. हा हिशेब एकदा हाताला कळला की जन्मात चुकत नाही. प्राणिशास्त्रात खेकडा, कोळंबी, शेवंड हे सगळे दशपाद गटातले मानतात, ते याच दहा पायांमुळे.

आता खेकडा कुठला काढायचा, हे ठरवू. खेकड्यांचे प्रकार पुष्कळ. मुंबई-रायगडकडची चिंबोरी, मालवण-गोव्याकडची कुर्ली, सह्याद्रीतल्या ओढ्यांत सापडणारे मुठे, किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारे, शंखात घर करणारे. आपण बाजारात सहज मिळणारा, पाठीवर तीन गडद ठिपके असलेला समुद्री खेकडा घेऊ. तो पोहणारा आहे, म्हणून त्याचे शेवटचे दोन पाय वल्ह्यांसारखे. चिंबोरीचेही तसेच असतात. ओढ्यातल्या मुठ्याला मात्र अशी वल्ही नसतात. तेव्हा वल्ही काढली की तुम्ही ‘कुठलातरी खेकडा’ काढत नाही, पोहणारा खेकडा काढता.

कागद आडवा ठेवा. मधोमध, अगदी हलक्या हाताने, चार बोटांच्या रुंदीएवढी एक आडवी रेघ मारा. तिच्या मध्यावर तिला छेदणारी एक उभी रेघ, आडवीच्या निम्मी. अर्धी वर, अर्धी खाली. आडवी रेघ ही खेकड्याची रुंदी, उभी रेघ ही लांबी. इथेच आपली पहिली चूक सुधारते. आपण खेकडा गोल काढतो. हा खेकडा गोल नसतो, लांबीच्या साधारण दुप्पट रुंद असतो.

आता आडव्या रेघेच्या वर एक करंजी काढा. दिवाळीतली करंजी! सरळ बाजू खाली, फुगीर बाजू वर. फक्त जरा चपटी. आणि करंजी कातणाने कापली की तिच्या फुगीर कडेला कशी नक्षी येते? तशीच नक्षी खेकड्याच्या पाठीच्या पुढच्या कडेला असते. डोळ्यापासून बाजूच्या कोपऱ्यापर्यंत दातेरी कड. आपल्या तीन ठिपकेवाल्याला अशा प्रत्येक बाजूला नऊ दाती असतात आणि नववी, अगदी कोपऱ्यातली, सगळ्यांत लांब. काट्यासारखी बाहेर आलेली. ती काढली की पाठीला एकदम रुबाब येतो.

रेघेच्या खाली एक उथळ द्रोण काढा. वरून रुंद, खाली निमुळता. द्रोणाचा तळ आडव्या रेघेच्या एकतृतीयांश असला की पुरे. वर करंजी, खाली द्रोण, मिळून झाली पाठ.

डोळे पाठीवर काढायचे नाहीत. करंजीच्या वरच्या कडेला, मधल्या रेघेपासून थोडं इकडे आणि थोडं तिकडे, दोन खाचा करा. त्या खाचांतून दोन आखूड दांडे वर आलेले, आणि दांड्यांच्या टोकाला डोळे. खेकडा हे दांडे उभे करतो, आणि धोका वाटला की आडवे करून खाचेत लपवतो. म्हणून डोळा नुसता टिंब म्हणून न काढता दांड्यासकट काढा. आणि तोंड? वरून पाहिलं तर तोंड दिसतच नाही. ते पुढच्या बाजूला खाली असतं, छोट्या दरवाज्यांसारख्या झडपांमागे. पाण्याबाहेर काढलेल्या खेकड्याच्या तोंडाशी फेस येतो तो तिथेच. मी फळ्यावर काढलेलं हसरं तोंड हे माझं होतं, खेकड्याचं नव्हतं.

आता पाय. पाय कवचाच्या कडेला चिकटवलेले नसतात, ते कवचाच्या खालून येतात. खेकडा उताणा केला की हे स्वच्छ दिसतं. म्हणून पायाची रेघ कवचाच्या कडेपाशी सुरू करा, पण अशी, की ती आतून आल्यासारखी वाटेल. एकदम पाय काढायला जाऊ नका. आधी जागा ठरवा. करंजीच्या कडेवर, कोपऱ्याच्या जरा आत, एक ठिपका. तो डेंग्याचा. मग द्रोणाच्या तिरक्या कडेवर ओळीने तीन ठिपके. ते चालायच्या पायांचे. आणि द्रोणाच्या तळाच्या कोपऱ्यावर एक ठिपका. तो वल्ह्याचा. झाले पाच. दुसऱ्या बाजूला तसेच पाच. आता मोजा. दहा भरले? मग पुढे चला.

डेंगा काढताना स्वतःचा हात आठवा. दंड बाजूला जातो, कोपरात वळून पुढे येतो, मग मनगट, मग तळवा. डेंग्यालाही आधी एक लांब भाग बाहेर जातो, मग एक आखूड गाठीसारखा तुकडा येतो, आणि तिथून वळून पुढे आणि थोडा आत येणारा जाड तळवा. तळव्याच्या टोकाला दोन बोटं. आपण दोन्ही बोटं कात्रीसारखी हलतात असं समजून काढतो. प्रत्यक्षात एकच बोट हलतं, वरचं. दुसरं हे तळव्याचाच पुढे आलेला भाग असतं. सांधा एकाच बोटाच्या मुळाशी दाखवा, डेंगा लगेच खरा वाटतो. आणि आकाराला घाबरू नका. नराचा डेंगा सरळ केला तर तो जवळजवळ पाठीच्या रुंदीएवढा, कधी त्याहूनही लांब भरतो. आपण तो नेहमी लहान काढतो.

चालायच्या प्रत्येक पायात वरून चार तुकडे दिसतात. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, आणि शेवटी टोकदार नख. सांध्यांच्या जागी आधी बारीक ठिपके द्या, मग ते जोडा. पाय नूडल्ससारखे लवचिक वाकत नाहीत. ते सांध्यातच वाकतात, आणि तेही ठरावीक दिशेने. खेकडा तिरका का चालतो, याचं उत्तर या सांध्यांतच आहे. आपला गुडघा जसा मागेच वळतो, बाजूला वळत नाही, तसे त्याचे हे सांधे पाय बाहेर फेकायला आणि आत ओढायला सोयीचे असतात, पुढेमागे टाकायला नाहीत. एका बाजूचे पाय ओढतात, दुसऱ्या बाजूचे ढकलतात आणि स्वारी आडवी निघते. त्यात स्वभावाचा वाकडेपणा काही नाही. तेव्हा ‘खेकड्याची चाल’ म्हणून कोणाला नावं ठेवण्याआधी हे सांधे एकदा काढून बघा.

शेवटच्या जोडीचं टोक मात्र नखासारखं नाही. तिथे लंबगोल, चपटं पातं काढा. होडीच्या वल्ह्याचं असतं तसं.

मग उरलं सजवणं. द्रोणाच्या भागात तीन गडद ठिपके. एक मधल्या रेघेवर, दोन बाजूंना. पायांखाली जरा आडव्या रेघा मारून सावली द्या, म्हणजे तो कागदात तरंगणार नाही, वाळूवर टेकेल. डाव्या-उजव्या बाजू अगदी सारख्या झाल्या नाहीत तर खोडत बसू नका. जिवंत खेकडा कवायतीला उभा नसतो. एखादा पाय आखडलेला असू दे, एखादा डेंगा उघडा. आणि चुकून खरंच एक पाय काढायचा राहिला, तरी घाबरू नका. संकटात सापडला तर खेकडा आपला पाय मुळाशी ठरलेल्या जागी स्वतःच तोडून निसटतो. पुढे तो कात टाकतो तेव्हा तिथे आधी लहानसा, मग मोठा, असा नवा पाय येतो. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न थट्टेचा नव्हता. तुटक्या पायांचे खेकडे तिने पाहिलेले होते. तिने मला एक सभ्य पळवाट काढून दिली होती आणि मला ती ओळखता आली नाही.

हे सगळं ऐकून एखादा म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? मोबाइलवर फोटो काढला की झालं. पण फोटो काढताना पाय मोजावे लागत नाहीत. चित्र काढताना मोजावेच लागतात. आजही खेकड्याची नवी जात सापडली की अभ्यासक तिचे फोटो देतातच, पण बारीक अवयवांची रेखाचित्रंही काढतात. फोटोत सगळंच एकसारखं येतं, रेखाचित्रात नेमकं काय बघायचं ते दाखवता येतं.

हे काम जुनं आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १४९५ च्या सुमारास जलरंगात एक खेकडा रंगवला. ते चित्र आज हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात आहे. ना देव, ना राजा, ना कुठला प्रसंग. नुसता एक खेकडा. एवढ्या मोठ्या चित्रकाराला त्याच्याकडे नीट बघावंसं वाटलं, हीच त्याची गोष्ट. पुढे बर्लिनच्या हर्ब्स्ट नावाच्या निसर्ग अभ्यासकाने १७८२ ते १८०४ अशी बावीस वर्षं खर्चून खेकड्यांवर आणि त्यांच्या भाऊबंदांवर रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. आपल्या तीन ठिपकेवाल्याला शास्त्रीय नाव दिलं ते त्यानेच, १७८३ साली. त्या लॅटिन नावाचा अर्थ ‘रक्ताळलेला’. ठिपक्यांच्या तांबड्या रंगावरून ते आलं असावं. आपल्या बाजारात रोज टोपलीत पडणारा जीव तिकडे कोणीतरी ठिपक्या-ठिपक्याने टिपून ठेवला.

आणि एक चिनी चित्रकार होते, ची बाइशी. जन्म १८६४, मृत्यू १९५७. गरीब शेतकऱ्याच्या घरातले, तरुणपणी सुतारकाम करणारे. कोळंबी आणि खेकडे ही त्यांची खासियत. घरात भांड्यात जिवंत कोळंब्या ठेवून ते त्यांच्याकडे बघत बसत. त्यांच्या चित्रांत एक गंमत दिसते. वय वाढत गेलं तसे त्यांच्या कोळंबीचे पाय कमी होत गेले. म्हातारपणीच्या चित्रांत तर मोजकेच पाय उरले, आणि कोळंबी मात्र जास्त जिवंत झाली.

तुम्ही म्हणाल, मग मास्तर, तुम्हीही फळ्यावर पाय कमीच काढले होते की! नाही हो. त्यांनी पाय माहीत असून सोडले. मी माहीत नसून सोडले. दोन्ही कागदांवर कमी पाय दिसतील, पण दोन्हींत केवढा फरक! मुलांनी सोपं चित्र काढावं, जरूर काढावं. चार रेघांत खेकडा उभा करता येतो. पण सोपं करण्याआधी एकदा पूर्ण बघितलेलं असावं. आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, वस्तुचित्र असतं आणि स्मरणचित्रही. वस्तुचित्रात वस्तू समोर असते, स्मरणचित्रात मनातली आठवण काढायची. पण मी वर्षानुवर्षं पाहिलं, मुलं स्मरणचित्रात आठवण काढतच नाहीत, पाठ केलेलं चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी. ज्या मुलाच्या घरातून रोज खाडी दिसते, तेही हेच काढतं. कारण त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की चित्र म्हणजे हे, आणि तुझी खाडी म्हणजे चित्र नव्हे.

कोकणच्या किंवा मुंबईच्या वाळूवर ओहोटीला गेलात तर पायांखाली बघा. वाळूच्या बारीक-बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसेल. मधे एक छोटं बीळ आणि त्यापासून चहूकडे निघालेल्या गोळ्यांच्या ओळी, एखाद्या रांगोळीसारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. ओहोटी लागली की ते बिळातून बाहेर येतात, डेंग्यांनी वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. भरतीला सगळं पुसलं जातं. पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू. जरा लांब, हालचाल न करता दहा मिनिटं बसलात तर तो बिळातून बाहेर येताना दिसेल. मुलांना घेऊन बसा. कागद तेव्हा नकोच. आधी नुसतं बघू दे. घरी आल्यावर विचारा, ‘‘तो कुठल्या बाजूने बाहेर आला? कुठला डेंगा आधी हलला?’’ समुद्र लांब असेल तर बाजारातून खेकडा आणा, आणि खात नसाल तर परसातला मुंगळा बघा. त्याचे पाय किती, ते मी सांगणार नाही.

आता त्या मुलीचं राहिलं. सोमवारी मी वर्गावर गेलो. फळ्यावर मोठा खेकडा काढला, दहा पायांचा, वल्ह्यांसकट. वर्गाला सांगितलं की मागच्या वेळी माझं चुकलं होतं आणि हिचं बरोबर होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हिशेब मिटला. मग मी तिची वही मागितली, फुली खोडून तिथे शाबासकी लिहावी म्हणून.

तिने वही दिली. ‘पुन्हा काढा’ असं मी लिहिलं होतं, आणि तिने पुन्हा काढलं होतं. गोल पाठ, सहा पाय, हसरं तोंड. हुबेहूब माझ्या फळ्यावरचं. नवं पान घ्यायला वह्या कोणाकडे जास्त होत्या त्या काळी! तिने आपला खेकडा खोडून त्याच जागी माझा काढला होता. दहा पायांची जागा खोडून-खोडून कागद विरला होता आणि वल्ही होती तिथे आरपार भोक पडलं होतं. मी म्हटलं, ‘‘अगं, तुझा पहिला बरोबर होता. तो परत काढ.’’ ती म्हणाली, ‘‘असू दे सर, हाच राहू दे.’’

पुढे तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती. चित्रं नीट काढायची, सांगेन तशी काढायची. फळ्यावर असेल तेवढंच काढायची. मी नंतर मुलांना कितीतरी गोष्टी शिकवल्या, परीक्षेत बक्षिसंही मिळवून दिली. पण त्या तासानंतर मी फळ्यावर कुठलाही प्राणी काढण्याआधी वर्गाला विचारायला लागलो, ‘‘हा कोणी जवळून पाहिलाय? मग त्याने आधी पुढे यायचं.’’ कोणी ना कोणी यायचंच. गुराख्याचा मुलगा बैलाची शिंगं सांगायचा, माळ्याची मुलगी सरड्याची शेपटी.

तेव्हा घरातल्या पोराने आज खेकडा काढून दाखवला, तर लगेच छान म्हणू नका आणि चूकही म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून पाय मोजा. कमी भरले तर बाजारात जा. जास्त भरले तर त्याला विचारा, तू हा कुठे पाहिलास?